सिल्हूटला टेक्स्चर द्यायचंय? मग आधी कड बघा

सिल्हूट म्हणजे काय, माणूस कापायचा, काळा रंग ओतायचा, दोन मिनिटांचं काम, असं मलाही वाटायचं. मग त्यात जरा मजा आणायची म्हणून जुन्या भिंतीचा फोटो आत टाकायचा, ब्लेंड मोड (वरचा लेयर, म्हणजे थर, खालच्यात कसा मिसळायचा ते) फिरवत बसायचं, आणि एवढं करून जे तयार व्हायचं ते हमखास स्टिकरसारखं दिसायचं. आत मस्त खरखरीत भिंत आणि बाहेरची कड मात्र ब्लेडने कापल्यासारखी गुळगुळीत. बरेच दिवस मी टेक्स्चरच बदलत राहिलो, गंज, लाकूड, चुरगळलेला कागद, काय काय करून झालं, पण दोष टेक्स्चरचा नव्हताच. रबरी शिक्क्याचा ठसा जवळून बघा, शाई जशी मधे कुठेकुठे लागलेली नसते तशीच ती कडेलाही तुटलेली असते, कारण दोन्हीकडे खाली कागद तोच आणि दाब तोच. आपण आत एक पोत दाखवतो आणि कडेला दुसरंच काहीतरी, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

तर कडेला आणि आतल्या भागाला एकच टेक्स्चर, एकाच जागी ठेवून लावायचं, हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. मी फोटोशॉप धरून लिहितोय, बाकी सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो.

फोटो कुठला घ्यायचा

सिल्हूटमधे डोळे नाहीत, हसू नाही, कपड्यांचे रंग नाहीत, जे काय सांगायचं ते बाहेरच्या रेषेने. फोटो कितीही भारी असला तरी ती रेषा मुकी असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. समोरून काढलेला चेहरा काळा केला की नुसता गोळा उरतो, तोच बाजूने घेतला की कपाळ, नाक, ओठ, हनुवटी सगळं रेषेत येतं. अठराव्या शतकात युरोपात काळ्या कागदातून लोकांचे चेहरे कापून देणारे कारागीर होते, तेही बाजूनेच कापायचे. (नावाची गंमत म्हणजे सिल्हूट हे आडनाव आहे. एतिएन द सिल्हूट हा १७५९ मधे फ्रान्सचा अर्थमंत्री होता, काटकसरीपायी इतका बदनाम झाला की कुठल्याही स्वस्तातल्या गोष्टीला लोक त्याचं नाव लावायला लागले, आणि रंगवलेल्या पोर्ट्रेटपेक्षा स्वस्त पडणाऱ्या या कागदी चेहऱ्यांना ते कायमचं चिकटलं.)

पूर्ण अंगाचा फोटो असेल तर फटी बघा. हात आणि कंबर यांच्यामधली फट, दोन पायांमधली फट, हातातली वस्तू आणि चेहरा यांच्यामधली फट. छातीसमोर घेतलेला हात काळा रंग भरला की गायबच होतो. पटकन तपासायचं असेल तर फोटो अंगठ्याच्या नखाएवढा दिसेपर्यंत झूम आउट करा आणि डोळे बारीक करून बघा, माणूस काय करतोय ते कळत असेल तर घ्या, नाहीतर दुसरा शोधा, तिथे हट्ट नको. उजेडाविरुद्ध काढलेला फोटोच हवा असंही काही नाही, आपण रंग भरणारच आहोत, फक्त माणूस आणि मागचं दृश्य यांच्यात नीट फरक दिसायला हवा म्हणजे कापताना डोकं फिरत नाही.

पुढे उदाहरणासाठी मी वाऱ्यात छत्री सांभाळत चालणारा, कोट उडत असलेला माणूस धरतोय. छत्रीची दांडी बारीक, कोटाचं टोक मोकळं, डोक्यावरचे केस विस्कटलेले, म्हणजे सगळ्या अडचणी एकाच फोटोत.

कापाकापी

डॉक्युमेंट मोठं घ्या. एफोर कागद ३०० पीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, मी सहसा तेवढा घेतो आणि खाली जे आकडे देतोय ते त्याच साइजसाठी आहेत. १०८० पिक्सेलच्या चौकोनावर काम करत असाल तर पिक्सेलमधे सांगितलेले सगळे आकडे निम्म्याहून खाली आणा, नाहीतर ब्लर दहा पिक्सेल केला आणि माणसाचं नाकच गेलं असं होईल.

फोटो टाकला की सिलेक्ट मेनूतून सब्जेक्ट. हे ऐंशी टक्के काम करतं आणि उरलेल्या वीस टक्क्यांत छत्रीची दांडी हमखास तोडतं. मग सिलेक्ट अँड मास्कमधे जाऊन व्ह्यू ऑन व्हाइट करा, केसांवरून रिफाइन एज ब्रश फिरवा. छत्री, बूट, बॅग अशा ठाम कडांना मात्र पेन टूलच घ्या, कंटाळा येतो पण पाच मिनिटांत होतं.

मागे मोकळं आकाश असेल तर चॅनलने (फोटोतला लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारी काळीपांढरी चित्रं) अजून सोपं. चॅनल पॅनलमधे निळा चॅनल बघा, निळं आकाश त्यात सगळ्यात उजळ दिसतं, त्याची कॉपी करा (ओरिजिनल चॅनलला हात लावू नका, फोटोचे रंग जातात), कंट्रोल एलने लेव्हल्स आणून आकाश पांढरं आणि माणूस काळा होईपर्यंत दोन्ही टोकं आत ढकला, आत उरलेले राखाडी डाग ब्रशने काळे करा, आणि कॉपीच्या थंबनेलवर कंट्रोल धरून क्लिक. सिलेक्शन पांढऱ्याचं होतं, म्हणजे आकाशाचं, म्हणून कंट्रोल शिफ्ट आयने उलटं करून घ्या. विस्कटलेले केस इतके सुंदर दुसऱ्या कशानेही येत नाहीत.

इथे एक दिलासा. फोटो कापताना केसांच्या कडेला मागच्या रंगाची जी पांढरट किनार राहते, जिच्यापायी लोक तासन्‌तास घालवतात, ती आपल्याला नडत नाही, कारण फोटोतला एकही पिक्सेल आपण ठेवणार नाही, फक्त आकार ठेवणार. सिलेक्शन चालू असतानाच लेयर मेनूतून न्यू फिल लेयर, त्यात सॉलिड कलर. सिलेक्शनचा मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं काळंपांढरं चित्र, आपोआप लागून एका रंगाचा माणूस तयार होतो. रंग अगदी शुद्ध काळा घेऊ नका, आर ३०, जी २६, बी ३४ असं काहीतरी घ्या, का ते पुढे कळेल. मूळ फोटो खाली डोळा बंद करून ठेवा, उडवू नका.

आता मास्कवर क्लिक करून आकार साफ करा. कडक गोल ब्रश, पांढऱ्याने दिसतं, काळ्याने लपतं, एक्स दाबला की दोन्ही रंग अदलाबदल होतात. बुटांच्या नाड्या, पाकिटाने फुगलेला खिसा, शर्टाची बारीक चुणी, सगळं काढून टाका. आणि जरा खोटंही बोला, म्हणजे कोटाचं टोक अजून थोडं लांब ओढा, छत्रीच्या काड्यांची टोकं अणकुचीदार करा, हनुवटी आणि गळा यांच्यामधली खाच खोल करा. जसाच्या तसा आकार बहुतेक वेळा मरगळलेला वाटतो.

सिलेक्शनमुळे कड करवतीसारखी झाली असेल तर मास्कवर गॉसियन ब्लर ३ पिक्सेल, मग मास्कवरच कंट्रोल एल दाबून लेव्हल्समधे डावं टोक १०५ आणि उजवं १५०. ब्लरने पसरलेली कड लेव्हल्स पुन्हा आवळून घेते आणि मधले दात निघून जातात. फार बारीक गोष्टी यात विरघळतात, त्या नंतर ब्रशने परत काढा.

टेक्स्चर आधी सपाट करा

टेक्स्चर स्वतः काढलेलं असेल तर उत्तम. मोबाइलने भिंतीचा, गंजलेल्या पत्र्याचा, झाडाच्या सालीचा फोटो काढा, अगदी समोरून, ढगाळ उजेडात, फ्लॅश न मारता. त्याहून भारी प्रकार म्हणजे पांढऱ्या कागदावर काळा रंग लावलेला स्पंज दाबायचा, किंवा जवळजवळ कोरडा ब्रश ओढायचा, आणि तो कागद स्कॅन करायचा. अशा दहाबारा कागदांवर माझी कित्येक वर्षं निघालीत.

बहुतेक जण टेक्स्चर थेट वापरतात आणि तिथेच फसतात, कारण फोटोत एक कोपरा उजळ आणि दुसरा अंधारा असतो, मग सिल्हूटचं डोकं फिकट आणि पाय काळे असं उगाचच होतं. आधी कंट्रोल शिफ्ट यूने रंग काढा. मग फिल्टर मेनूत अदर, त्यात हाय पास, रेडियस १२० च्या आसपास. चित्र एकदम मेलेलं राखाडी दिसेल, घाबरू नका, मोठे उजेड-अंधार सपाट झालेत आणि बारीक पोत तेवढा उरलाय. मग लेव्हल्समधे डावं टोक ९० आणि उजवं १६५ केलं की जीव परत येतो. सगळ्या चित्राची सरासरी मधल्या राखाडीच्या, म्हणजे १२८ च्या (काळा ०, पांढरा २५५) आसपास राहायला हवी, पुढची सगळी युक्ती त्यावरच चालते.

हे स्मार्ट ऑब्जेक्ट करा (म्हणजे कितीही ताणलं तरी मूळ चित्र खराब होत नाही), कॅनव्हासवर हवं तसं फिरवा, ताणा, आणि जागा एकदाच ठरवा. पोताला बहुधा दिशा असते, ब्रशचे फटकारे, लाकडाच्या रेषा, ती दिशा माणसाच्या हालचालीबरोबर ठेवा. माझा छत्रीवाला वाऱ्याविरुद्ध वाकलाय, तर फटकारे वाऱ्याच्या दिशेने तिरके, उभे ठेवले तर तो पावसात उभा असल्यासारखा वाटतो. आकाराचंही भान ठेवा, भिंतीची एक भेग माणसाच्या दंडाएवढी दिसली की माणूस खेळण्यातला वाटायला लागतो. जागा ठरली की पुढे हललं नाही पाहिजे, जिथे लागेल तिथे कंट्रोल जेने कॉपी करायची, सरकवायची नाही.

कड खाणं

मास्कवर ऑल्ट धरून क्लिक करा, पांढरा माणूस काळ्यावर दिसेल. कंट्रोल ए, कंट्रोल सी, मग लेयरच्या रंगाच्या थंबनेलवर क्लिक करून मास्कमधून बाहेर या आणि कंट्रोल व्ही. आकार आता साधा लेयर म्हणून वर आला, कंट्रोल आयने उलटा करा म्हणजे पांढऱ्यावर काळा माणूस. या लेयरची अजून एक कॉपी करून ठेवा, खालची स्वच्छ राहील, वरचीवर काम.

वरच्या कॉपीला गॉसियन ब्लर १० ते १२ पिक्सेल. तिच्यावर टेक्स्चरची कॉपी, मोड ओव्हरले. त्याच्याही वर थ्रेशोल्ड अ‍ॅडजस्टमेंट लेयर, १२८ वर. बस, कड खाल्ली गेली.

हे का चालतं ते समजून घ्या, कारण समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. ब्लर केल्यावर कडेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडीचा एक पट्टा तयार होतो. ओव्हरलेचा स्वभाव असा की खालचं पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं असेल तर तो त्याला हातच लावत नाही, मधल्या राखाडीवर मात्र जोर दाखवतो. म्हणजे टेक्स्चर फक्त त्या पट्ट्यातच काम करतं, उजळ ठिपका आला की राखाडी पांढऱ्याकडे सरकतं, गडद आला की काळ्याकडे, आणि थ्रेशोल्ड वर बसून निकाल देतो, १२८ च्या वर पांढरं, खाली काळं. ब्लर जितका मोठा तितका पट्टा रुंद आणि तितकी कड आतबाहेर कुरतडलेली. टेक्स्चरची सरासरी मधे ठेवायला म्हटलं ते याचसाठी, ती उजळ असेल तर माणूस रोडावतो, गडद असेल तर सुजतो.

ओव्हरलेच्या जागी लिनिअर लाइट लावून बघा. हा मोड काळ्यापांढऱ्यालाही सोडत नाही, त्यामुळे कडेबरोबर आतही भोकं पडतात आणि बाहेरच्या पांढऱ्यावर शाईचे शिंतोडे उडतात, अगदी घाईत मारलेल्या शिक्क्यासारखं. पण एक हिशेब आहे, थ्रेशोल्ड १२८ वर असताना लेयरची ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसतो ते, टक्क्यांत) ५० च्या खाली असेल तर गडद काळा भाग आणि कोरा पांढरा भाग सुरक्षित राहतात, ५० ओलांडली की मग भोकं आणि शिंतोडे सुरू. मी सहसा ५५ ते ६५ मधे थांबतो. ओपॅसिटी म्हणतोय हं, खालची फिल नाही, या मोडमधे दोन्हींचा परिणाम वेगळा येतो.

थ्रेशोल्डची कड फार कडक वाटली, जवळून पिक्सेलच्या पायऱ्या दिसायला लागल्या, तर थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्स अ‍ॅडजस्टमेंट घ्या, डावं टोक ११५, उजवं १४०. जवळजवळ तेच दिसतं पण कडेला थोडी मऊ छटा राहते.

आता दांडीचा प्रश्न. ब्लर केला की छत्रीची दांडी, बोटं, नाकाचं टोक हे सगळं पहिल्या झटक्यात जातं. म्हणून ती स्वच्छ कॉपी खाली ठेवली होती. ब्लर केलेल्या लेयरला मास्क लावा आणि मऊ मोठ्या ब्रशने चेहरा, बोटं, दांडी इथे काळं फिरवा, तिथे खालची धारदार कड वर येईल. आणि हे फक्त डागडुजीसाठी नाही, सगळीकडे सारखीच कुरतडलेली कड ही पण एक प्रकारची मशीनच वाटते. जिथे नजर जायला हवी तिथे स्वच्छ, पाठीमागे, कोटाच्या उडत्या टोकाला, पायांपाशी खरखरीत. मी तर कोटाच्या टोकाला वेगळी कॉपी करून २५ पिक्सेलपर्यंत ब्लर देतो, तो भाग वाऱ्यात विरत गेल्यासारखा दिसतो.

पटलं की कंट्रोल ए, कंट्रोल शिफ्ट सी, म्हणजे जे दिसतंय ते सगळं एकत्र कॉपी होतं. आधी सॉलिड कलर लेयरची एक कॉपी बाजूला ठेवा (हे मी एकदा विसरलो आणि पेन टूलचं सगळं काम पुन्हा करत बसलो), मग मूळ सॉलिड कलर लेयरच्या मास्कवर ऑल्ट क्लिक, कंट्रोल व्ही, कंट्रोल आय. मास्कमधून बाहेर या, मधले कामाचे लेयर एका ग्रुपमधे टाकून डोळा बंद.

दुसरा एक रस्ता आहे, डिस्प्लेस फिल्टरचा. त्यात कड तुटत नाही, वळवळते, लाकडी ठोकळ्याच्या छपाईसारखी. टेक्स्चर एक-दोन पिक्सेल ब्लर करून ग्रेस्केल पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) म्हणून वेगळं सेव्ह करा, मग आकाराच्या लेयरवर फिल्टर मेनूत डिस्टॉर्ट, त्यात डिस्प्लेस, आडवं आणि उभं स्केल दोन्ही ८, आणि ती फाइल दाखवा. मॅपमधलं, म्हणजे त्या फाइलमधलं, १२८ चं राखाडी काही हलवत नाही, त्याहून उजळ एका बाजूला ढकलतं, गडद दुसऱ्या बाजूला. स्केल १०० असेल तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकतं, म्हणजे ८ ला साधारण दहा पिक्सेल. मॅपला एकच चॅनल असल्यामुळे सगळं तिरप्या रेषेतच सरकतं. प्राणी, झाडं, डोंगर यांना हे छान लागतं, माणसाच्या चेहऱ्याला मी कधीच लावत नाही.

आत भरणं

आता आतलं काम, आणि खरं सांगायचं तर कड जमली असेल तर इथे फार काही उरत नाही. तेच टेक्स्चर, त्याच जागी, सॉलिड कलर लेयरच्या वर, दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर ऑल्ट धरून क्लिक, क्लिपिंग मास्क झाला, म्हणजे टेक्स्चर आता फक्त सिल्हूटच्या आकारातच दिसतं.

मोड कुठला? इथे नवीन माणूस मल्टिप्लाय लावतो आणि म्हणतो टेक्स्चर दिसतच नाहीये. दिसणार कसं, मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार, काळा म्हणजे शून्य, शून्याला कशानेही गुणा. ओव्हरलेचंही गडद रंगावर तेच. गडद सिल्हूटवर स्क्रीन लावा, ओपॅसिटी ३० ते ४५. स्क्रीनमधे टेक्स्चरचा उजळ भाग दिसतो आणि आपली कडही उजळ भागातच खाल्ली गेलीये, म्हणजे शाई कडेला जिथे तुटली नेमकी तिथूनच आत फिकट डाग चालू होतो. इथे दोन्ही जुळतात आणि स्टिकरपणा जातो. टेक्स्चर तीन पिक्सेल जरी सरकलं तरी ही जुळणी बिघडते, म्हणून मगाशी एवढी बजावणी.

स्क्रीनने सगळं अंग धुरकट झालं तर टेक्स्चर लेयरवर डबल क्लिक करून ब्लेंड इफ बघा, धिस लेयरच्या पट्टीतला काळा त्रिकोण उजवीकडे आणा, मग ऑल्ट धरून तोच त्रिकोण दोन भागांत फोडा आणि उजवा अर्धा अजून पुढे न्या. गडद भाग हळूहळू गळतो, फक्त उजळ ओरखडे उरतात. याउलट रंग फारच मेलेला वाटला तर सॉलिड कलरवर डबल क्लिक करून तो थोडा उजळ करा, शुद्ध काळा घेऊ नका म्हटलं ते या लवचिकतेसाठी.

टेक्स्चरऐवजी आत दुसरा फोटो घालायचा असेल, जंगल, शहर, समुद्र, तरी पद्धत तीच, क्लिप करून स्क्रीन. फक्त त्या फोटोतलं उजळ आकाश सिल्हूटच्या कडेपाशी आलं आणि बॅकग्राउंडही फिकट असेल तर तिथली रेषा नाहीशी होते. फोटो असा फिरवा की चेहऱ्याच्या बाजूला त्यातला गडद भाग येईल, आणि उजळ भाग डोक्याच्या मागे किंवा पोटापाशी.

बॅकग्राउंड, ग्रेन, रंग

मागे कोरा पांढरा ठेवू नका, फिकट मळकट रंग आणि त्यावर कागदाचा फोटो. इथे मात्र मल्टिप्लाय बरोबर बसतो कारण खालचं उजळ आहे. मग सगळ्यात वर एक लेयर ५० टक्के राखाडीने भरा, मोड ओव्हरले, अ‍ॅड नॉइज ६ ते ८ टक्के, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक चालू. हा क्लिप करायचा नाही, सिल्हूट आणि कागद दोघांवरून सारखाच गेला पाहिजे. ओव्हरलेमधे ५० टक्के राखाडी अदृश्य असतं, फक्त दाणा दिसतो. गडद माणसावर तो दाणा कमीच दिसतो, तेवढा पुरतो.

रंगासाठी ग्रेडियंट मॅप अ‍ॅडजस्टमेंट सगळ्यात वर, गडद टोकाला काळसर निळा, उजळ टोकाला पिवळसर पांढरा. दोन रंगांत सगळं बांधलं जातं. स्क्रीन प्रिंटसारखं हवं असेल तर सिल्हूटची एक कॉपी दुसऱ्या भडक रंगात खाली ठेवून चार-पाच पिक्सेल बाजूला सरकवा आणि वरचीला मल्टिप्लाय द्या, छपाईत दुसरा रंग हुकल्यासारखा दिसतो. हे केलंत तर ग्रेडियंट मॅप काढा, नाहीतर तो भडक रंगच खाऊन टाकतो.

शिंतोड्यांचे ब्रश सगळ्यांकडे असतात आणि सगळेच ते जास्त वापरतात. माझा नियम, हालचालीच्या मागच्या बाजूला तीन-चार ठिकाणी, चेहऱ्यासमोर एकही नाही. लिनिअर लाइटवाली कड घेतली असेल तर बहुधा त्याचीही गरज पडत नाही.

फोटोशॉप नसेल तर

फोटोपी ब्राउझरमधेच चालतं, पीएसडी उघडतं आणि मेनू इतके सारखे आहेत की वरचं जवळजवळ सगळं तसंच करता येतं. गिंपमधे थ्रेशोल्ड, लेव्हल्स, गॉसियन ब्लर, ओव्हरले सगळं आहे, डिस्प्लेस फिल्टर्सच्या मॅप मेनूत सापडेल. क्लिपिंगसाठी सोपा रस्ता म्हणजे सिल्हूट आणि टेक्स्चर एका लेयर ग्रुपमधे टाकायचं आणि तो खाल्लेला काळापांढरा आकार ग्रुपलाच मास्क म्हणून द्यायचा, २.१० पासून ग्रुपला मास्क लागतो. २०२५ मधे आलेल्या ३.० मधे फिल्टर लेयरवर तसेच राहतात आणि नंतर बदलता येतात, त्यामुळे ब्लर मागेपुढे करून बघणं सोपं झालंय. कृतामधे क्लिपिंगसाठी इनहेरिट अल्फा वापरा, पण आधी सिल्हूट आणि टेक्स्चर वेगळ्या ग्रुपमधे घ्या, नाहीतर तो खालचं बॅकग्राउंडही आकारात धरतो आणि टेक्स्चर सगळीकडे पसरतं.

सेव्ह करताना

पीएसडी ठेवाच. नेटवर टाकायला लहान करणार असाल तर आधी कॉपी लहान करा आणि मग १०० टक्क्यांवर बघा, कारण ३५०८ पिक्सेलवर जी कड मस्त खरखरीत दिसत होती ती १०८० वर नुसती किंचित अस्वच्छ वाटते, जणू कापताना हात हलला. तसं झालं तर लहान कॉपीला शार्पन मारत बसू नका, मूळ फाइलमधे जाऊन ब्लर १२ चा २० करा, टेक्स्चर दीडपट मोठं करा (कडेचं आणि आतलं, दोन्ही एकत्र), आणि पुन्हा मास्क बनवा. जेपीइजी कमी क्वालिटीला सेव्ह केलं तर काळ्या-फिकट कडेभोवती घाणेरडे ठिपके येतात, पीएनजीत ते येत नाहीत पण वरच्या ग्रेनमुळे फाइल भलतीच जड होते, म्हणून मी ग्रेन अर्धा करून पीएनजी काढतो.